स्की-बाइकचा फॉर्म ज्याचा त्याने भरावा
(डेन्व्हर आणि आसपासच्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी)

आम्ही स्की-बाइक भाड्याने देतो. आमचा फॉर्म इंग्रजीत आहे. तरी हे पत्रक मराठीत काढलं, कारण फॉर्म भरतो मुलगा किंवा सून आणि बाइकवर बसतात बाबा. डिसेंबर ते मार्च भारतातून आईवडील आलेले असतात. त्यांना बर्फ नुसता गाडीच्या काचेतून दाखवायचा नाही, असं मुलांच्या मनात असतं आणि ते चांगलंच आहे. मग रात्री अकराला सोफ्यावर पडल्या पडल्या फोनवर फॉर्म भरला जातो. शनिवारी सकाळी बाबा दुकानात येऊन उभे राहतात, तेव्हा लक्षात येतं की फॉर्ममधले बाबा निराळेच होते.

त्यामुळे मुलांनी हे वाचलं नाही तरी चालेल. काका, काकू, तुम्ही वाचा.

स्की-बाइक तुम्ही व्हिडिओत पाहिलेलीच असते. सायकलसारखी चौकट, हँडल, सीट आणि चाकांच्या जागी दोन स्की. आम्ही देतो त्या प्रकारात तुमच्या दोन्ही पायांतही आखूड स्की असतात, त्यांना फूट-स्की म्हणतात. वजन सीटवर टाकायचं, पाय बर्फावर हलके टेकवायचे, म्हणजे चार ठिकाणी आधार मिळतो. गुडघ्यांवर भार येत नाही, तोल सांभाळायला हातात हँडल असतं. म्हणूनच गुडघे झिजलेले, पोलिओने एक पाय बारीक राहिलेले, पॅरालिसिसनंतर एक बाजू कमजोर झालेले, गुडघ्यावरून पाय गेल्याने कृत्रिम पाय लावणारे, अशा माणसांना साध्या स्कीपेक्षा ही लवकर जमते.

ब्रेक नसतो. हे आधीच सांगतो, कारण पहिल्या दिवशी प्रत्येक जण हँडलवर बोटं आवळून पाहतो. ज्यांनी आयुष्यभर लूना चालवली ते तर दोन्ही हातांनी. थांबायचं म्हणजे बाइक वळवून उताराला आडवी घालायची, वेग आपोआप मरतो. टाचा रोवून थांबायला गेलात तर फूट-स्की वाकडी होते आणि गुडघा पिळतो. सपाट जागेवर अर्धा तास सराव केला की बोटं ब्रेक शोधायची थांबतात.

"हे नवीन फॅड आहे का?" असंही विचारतात. नाही. चाकांऐवजी स्की लावलेल्या सायकलचं पेटंट कनेटिकटमधल्या हार्टफर्डच्या एका माणसाने 1892 सालीच घेतलं होतं, आणि या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा 1967 मध्ये ऑस्ट्रियात बाद होफगास्टाइनला झाली. अपंगांसाठी तिचा वापर नंतर वाढला, पण तोही कालपरवाचा नाही.

आता आमच्या डोकेदुखीकडे येतो. फॉर्ममधला सातवा प्रश्न: हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठून एक मिनिट उभं राहता येतं का?

या प्रश्नाला दहातली नऊ उत्तरं "हो" अशी येतात. उरलेलं एक असतं "थोडंसं". 'थोडंसं' हा शब्द आम्हाला फार महाग पडतो. बाबांना थोडंसं चालता येतं, आईचा थोडासा तोल जातो, थोडंसं धरलं की होतं. घरात हे सगळं खरंच असतं. घरात भिंत असते, टेबलाची कड असते, नातीचा खांदा असतो. चाळीस वर्षं माणूस अशा आधारांवर इतक्या सफाईने वावरतो की घरच्यांना ते आधार दिसेनासे होतात. कधी कधी त्याला स्वतःलाही.

एक उदाहरण सांगतो. सांगलीकडचे एक काका, साठीच्या आतबाहेरचे, दोन वर्षांचे असताना डाव्या पायाला पोलिओ झालेला. रोज पहाटे चार किलोमीटर चालणारे. मुलाने फॉर्मवर लिहिलं, "आधाराशिवाय चालतात". यात खोटं काहीच नव्हतं. काठी नाही, कॅलिपर नाही. पण काका चालताना डावा हात मांडीवर ठेवायचे आणि प्रत्येक पावलाला गुडघा मागे दाबायचे. पोलिओ झालेल्या कितीतरी माणसांची चाल अशीच असते, मांडीचा स्नायू गुडघा धरू शकत नाही म्हणून हात ते काम करतो. दुकानात त्या दिवशी गर्दी होती. आम्हीही त्यांना फक्त काउंटरपर्यंत येताना पाहिलं, तेही जाड कोटात. लिफ्टच्या (म्हणजे डोंगरावर वर नेणाऱ्या लटकत्या खुर्च्यांच्या) पायथ्याशी काकांनी दोन्ही हातांनी बाइक धरली. मांडीवरचा हात गेला आणि गुडघा दुमडला.

लागलं काहीच नाही. पण लिफ्ट थांबवावी लागली, मागे वीसेक माणसं खोळंबली, आणि काकांचा चेहरा असा झाला की पुन्हा नाव काढतील असं वाटेना. गाडीत बसल्यावर ते मुलाला एवढंच म्हणाले, "मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

पुढच्या शनिवारी ते आले तेव्हा आम्ही सीट दोन इंच खाली घेतली, डावा पाय ठेवायला चौकटीला दांडी बसवली आणि लिफ्टपाशी बाइक धरायला आमचा माणूस दिला. सोप्या उतारावरून काका चार वेळा खाली आले. पाचव्यांदा जायचं म्हणत होते, मुलगाच दमला. म्हणजे बाइक पहिल्या दिवशीही तीच होती. आमच्याकडे माहिती नव्हती.

"बसूनच जायचं तर उभं राहण्याची चौकशी कशाला?" हा प्रश्न योग्य आहे. घसरत असताना तुमचं वजन बाइक घेते. पण उतार संपून सपाट भाग लागला की पायांनी रेटा द्यावा लागतो. लिफ्टमध्ये बसताना आणि उतरताना दोनचार पावलं टाकावी लागतात. आणि पडलात तर उठावं लागतं. पडणं फार उंचावरून नसतं, पण जाड कपडे, जड बूट आणि घसरडा उतार यांत कुशीवर पडलेल्या माणसाला उठणं सोपं नसतं. प्रश्न त्या तीन-चार क्षणांचा आहे, आणि त्या क्षणी हात रिकामे नसतात.

तेव्हा उत्तर देण्याआधी घरी एवढं करून बघा. हात नसलेली डायनिंगची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, कुणालातरी मागे उभं करा. लांब झाडूचा दांडा दोन्ही हातांनी आडवा धरा, हँडल धरल्यासारखा. तो न सोडता उठा. एक मिनिट उभे राहा. चार पावलं पुढे, दोन पावलं बाजूला. हे संध्याकाळी करा, सकाळी ताजेतवाने असताना नको. डोंगरावर दुपारी दोनला पाय जेवढे थकलेले असतात तेवढेच ते घरी संध्याकाळी असतात. मग जे झालं ते जसंच्या तसं लिहा: "उठताना दांडा सुटला", "वीस सेकंदांनी उजवा गुडघा थरथरला". मराठीत लिहिलंत तरी आम्हाला वाचता येतं, हे वेगळं सांगायला नको.

जमलं नाही म्हणजे दार बंद, असा अर्थ काढू नका. बहुतेक वेळा सीट, दांडी आणि मदतीचा एक माणूस एवढ्यात काम भागतं. पायांवर भार अजिबात घेता येत नसेल तर मात्र आम्ही बाइक देत नाही, कितीही गळ घातली तरी. तुमच्यासाठी सिट-स्की आहे: बादलीसारख्या बैठकीत बसायचं, खाली एक किंवा दोन स्की, हातात टोकाला छोट्या स्की लावलेल्या कुबड्या. ती आम्ही ठेवत नाही, कारण ती शिकवणाऱ्या माणसाशिवाय देण्यात अर्थ नाही. विंटर पार्क या स्कीच्या ठिकाणी नॅशनल स्पोर्ट्स सेंटर फॉर द डिसेबल्ड आहे. 1970 साली हॅल ओ'लिअरी यांनी डेन्व्हरच्या हॉस्पिटलमधल्या हातपाय गमावलेल्या 23 मुलांना स्की शिकवलं, तिथून ते सुरू झालं. तिथे जा. ज्यांना स्की-बाइकच शिक्षकाकडून शिकायची आहे आणि चार-साडेचार तासांच्या ड्राइव्हची तयारी आहे, त्यांना आम्ही क्रेस्टेड ब्यूटच्या अडॅप्टिव्ह स्पोर्ट्स सेंटरचं नाव सुचवतो. यात आमचा एक डॉलरही नाही.

आता आमच्यावरची नेहमीची तक्रार. "दुसरीकडे उभ्या उभ्या बाइक मिळते, तुम्ही दोन दिवस आधी फिटिंगला का बोलावता?" कारण सीटची उंची बूट घातल्यावर ठरते आणि ती माणसागणिक बदलते. पँटच्या लेबलवरचा आकडा कळवणारे खूप आहेत. बत्तीसची पँट घालणाऱ्या दोन काकांच्या पायांत दोन-दोन इंचांचा फरक आम्ही मोजलाय. सीट उंच राहिली तर फूट-स्की धड टेकत नाहीत, खाली राहिली तर गुडघे छातीशी येतात आणि अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते. फिटिंगला पाऊण तास लागतो. दुकानातल्या गालिच्यावर बसणं, उठणं, कुशीवर पडून उठणं, सगळं करून घेतो. त्याचे पैसे लागतात, पण बाइक घेतलीत तर ते भाड्यातून वजा होतात, आणि तुमची मापं पुढच्या हिवाळ्यासाठी आमच्याकडे राहतात. मागच्या वर्षीचे लोक यंदा दहा मिनिटांत बाहेर पडतात.

फिटिंगला ज्याला बसायचं आहे त्यानेच यावं. "बाबांची उंची माझ्याएवढीच आहे, माझ्यावर मापं घ्या" असं म्हणणारे चिरंजीव गेल्या मोसमात तीन आले.

कृत्रिम पाय असेल तर तो पाय आणि रोजचा बूट दोन्ही घेऊन या. कृत्रिम पायाचा घोटा वाकत नाही, त्यामुळे ताठ स्की बुटात तो शिरता शिरत नाही. पावलावर साधी प्लास्टिकची पिशवी चढवली की सरकतो, ही युक्ती आम्हाला एका ग्राहकानेच शिकवली. स्की बूट पुढे झुकलेला असतो, म्हणून टाचेखाली पाचर घालून उभं राहणं सरळ करावं लागतं. त्याला वेळ द्या. थंडीत आणि उंचीवर स्टंपची (उरलेल्या पायाच्या टोकाची) जाडी बदलू शकते, तेव्हा जास्तीचे मोजे खिशात असू द्या. कॅलिपरला बूट कायमचा जोडलेला असेल तर आधी फोनवर सांगा. साध्या बुटाला पट्ट्यांनी बांधायच्या फूट-स्की आमच्याकडे आहेत, पण जोड्या मोजक्याच.

पायाला स्पर्श नीट कळत नसेल (मधुमेहामुळे असो, मणक्यामुळे असो) तर दर तासाला आत जाऊन मोजे काढून त्वचा डोळ्यांनी बघायची. गारठलेलं कळणार नाही, हेच तर दुखणं आहे. इन्सुलिन गाडीत किंवा बाहेरच्या खिशात ठेवू नका, गोठतं. अंगालगतच्या खिशात ठेवा. पार्किन्सनच्या गोळ्यांच्या वेळा फॉर्मवर लिहा, त्याप्रमाणे तुमची वेळ देऊ.

उंचीचं गांभीर्य पाहुण्यांना वाटत नाही. डेन्व्हर शहरच जवळजवळ कळसूबाईच्या शिखराएवढं उंच आहे, आणि विंटर पार्कचा पायथा 2,700 मीटरच्या वर. विमानातून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणाला घेऊन जाऊ नका. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. भारतातून काढलेल्या प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असू शकतात, तेवढं कलम वाचून घ्या.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र आम्ही मागत नाही. टक्केवारीवरून सीटची उंची कळत नाही. लिफ्टच्या पासावर सवलत मिळेल का, स्की-बाइक लिफ्टवर चालेल का, हे नियम डोंगरागणिक वेगळे आहेत. कुठे जाताय ते सांगितलंत तर आम्ही फोन करून विचारतो. बाइकला अंगाशी जोडणारा दोर आम्ही देतो, तो सोडायचा नाही. लिफ्टवाल्याला आधी सांगितलं तर तो खुर्ची हळू करतो. लाजून न सांगणारे आपलेच लोक जास्त.

आणि माकडटोपी. काकू प्रेमाने विणून आणतात, पण ती हेल्मेटखाली मावत नाही. पातळ टोपी आम्ही देऊ.

फॉर्म आला की आम्ही फोन करतो, तो ज्याला बाइकवर बसायचं आहे त्याच्याशी बोलायला. मुलांनी कृपया फोन त्यांच्या हातात द्यावा आणि शक्यतो खोलीबाहेर जावं. आईवडील अजून भारतातच असतील तर उत्तमच, तिकडे खुर्ची आणि झाडू दोन्ही असतात. हिवाळ्यात आमच्याकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा भारतात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा झालेले असतात. तेव्हा दुकान बंद करून आम्ही चहा घेत असतो आणि काकाही. त्या वेळी निवांत बोलता येतं.