ग्रंथपाल संघटनेचा बदल अर्ज: निवडणूक होते, पण नावं का चढत नाहीत?

जिल्ह्यातल्या ग्रंथपालांच्या संघटनेची सर्वसाधारण सभा होते, नवी कार्यकारिणी बहुधा बिनविरोध निवडून येते, हारतुरे होतात. पुढे १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीचा कार्यक्रम ठरतो आणि त्याच्या खर्चासाठी नवे कोषाध्यक्ष सह्या बदलायला बँकेत जातात. बँक म्हणते, ‘शेड्युल वन आणा.’ म्हणजे परिशिष्ट १, धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतला विश्वस्तांच्या नावांचा उतारा. ते काढून पाहावं तर त्यावर दोन कार्यकारिण्यांमागची नावं. त्यातले एक वारलेले, दुसरे निवृत्तीनंतर मुलाकडे परगावी गेलेले. मग धावाधाव सुरू होते. कार्यकारिणी बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवणारा बदल अर्ज घाईत दाखल होतो, त्रुटी निघतात आणि पुष्कळदा तो फेटाळलाही जातो.

अर्ज सोपा आहे. अडतं ते बहुतेक वेळा अर्जाच्या आधी, म्हणजे सभा बोलावतानाच. त्यामुळे ही माहिती खरं तर निवडणुकीआधी वाचायची आहे.

हा अर्ज तुमच्यासाठी आहे का?

तुमची संघटना संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली नोंदलेली असेल तर होय. (दुसऱ्या कायद्याला जुनी मंडळी अजून ‘बॉम्बे पब्लिक ट्रस्ट ॲक्ट’ म्हणतात. कायदा तोच.) नोंदणी क्रमांक ‘एफ’ने सुरू होतो का पाहा. महाराष्ट्रात १८६० खाली नोंदलेल्या संस्थांना विश्वस्त नोंदवहीत हेच अक्षर असतं. ‘आम्ही कुठे ट्रस्टी आहोत, आम्ही कार्यकारिणी सदस्य’ असं बरेच जण म्हणतात. धर्मादाय कार्यालयाच्या लेखी कार्यकारिणी सदस्य म्हणजेच विश्वस्त. संघटना कामगार संघटना म्हणून नोंदलेली असेल, तर तिचे निबंधक वेगळे आणि ही प्रक्रिया तिला लागू नाही.

आणखी एक भेद आधीच पाहून ठेवा. ग्रंथपाल संघटनेत सभासद व्यक्ती असतात. ग्रंथालय संघात मात्र मुख्यतः ग्रंथालयं सभासद असतात आणि त्यांच्या वतीने प्रतिनिधी मत देतो. प्रतिनिधीकडे त्याच्या ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाचा ठराव हवा. ‘आमच्या वाचनालयातून नेहमी मीच येतो’ हा ठराव नव्हे. हरलेल्या गटाने हरकत घेतली की पहिलं बोट इथेच ठेवलं जातं.

नव्वद दिवस, पण कुठून मोजायचे?

१९५० च्या कायद्याचं कलम २२ सांगतं की बदल घडल्यापासून ९० दिवसांत कळवायचा. बदल घडतो निवडणुकीच्या दिवशी. नवी कार्यकारिणी पहिल्यांदा बसली त्या दिवशी नाही आणि इतिवृत्त पुढच्या सभेत कायम झालं त्या दिवशी तर मुळीच नाही. हा शेवटचा गैरसमज सर्वांत महागात पडतो, कारण वार्षिक सभेचं इतिवृत्त पुढच्या वार्षिक सभेत कायम होतं. तोवर थांबलं की वर्ष गेलंच. १५ जूनला निवडणूक झाली असेल तर १३ सप्टेंबर हा नव्वदावा दिवस.

कार्यकाळाच्या मध्येच कोणी वारलं किंवा कोणी राजीनामा दिला, तर तो वेगळा बदल आणि त्याचे ९० दिवस वेगळे. ‘पुढच्या निवडणुकीच्या वेळी सगळं एकदम कळवू’ म्हणणाऱ्या संघटनांना नंतर प्रत्येक बदलाच्या उशिराचं कारण स्वतंत्रपणे द्यावं लागतं.

मुदत उलटली म्हणून सगळं संपत नाही. पुरेसं कारण दाखवलं तर धर्मादाय उपायुक्त किंवा सहायक धर्मादाय आयुक्त विलंब माफ करू शकतात. त्यासाठी खर्चाची रक्कम भरावी लागते आणि ती सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था प्रशासन निधीत जमा होते. पण ‘कार्यबाहुल्यामुळे विलंब झाला’ एवढं एक वाक्य लिहून विलंबमाफी मागू नका. कार्यबाहुल्य सगळ्यांनाच असतं, ते कागद वाचणाऱ्या अधिकाऱ्यालाही. चिटणीस आजारी होते तर दवाखान्याचे कागद लावा. जुन्या चिटणिसांनी दप्तर दिलं नाही, तर त्यांना पाठवलेली पत्रं तारखांसकट लावा. दप्तर न मिळणं हे या संघटनांचं कायमचं दुखणं आहे. दप्तर घेताना किंवा देताना यादी करून दोघांनी सह्या केल्या, तर ते निम्मं कमी होईल.

कोणाकडेच नसणारा कागद

सभेची नोटीस सगळ्यांकडे असते. ती सभासदांपर्यंत पोचल्याचा पुरावा कोणाकडेच नसतो.

आपल्या संघटनेची घटना काढून नोटिशीचं कलम वाचा. जुन्या घटनांमध्ये ‘नोटीस यू.पी.सी.ने (म्हणजे टपालात टाकल्याचा दाखला घेऊन) पाठवावी’ असं असतं. टपाल खात्याने ती सोय २०११ मध्येच बंद केली. काही घटनांत ‘रजिस्टर पोस्टाने’ असं आहे आणि २०२५ मध्ये नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. आता अशा घटनेचं पालन कसं करायचं, हे कार्यालयाची खिडकी सांगत नाही. ती फक्त पुरावा मागते. तेव्हा व्यवहार पाहावा: स्पीड पोस्टाने पाठवून पावत्या जपाव्यात, किंवा हातोहात देऊन सही-तारीख घ्यावी आणि जावक नोंदवहीत प्रत्येक नाव चढवावं. व्हॉट्सॲपच्या गटावर नोटीस जरूर टाका, लोक सभेला येतात ते तिच्यामुळेच. पण घटनेत तसं लिहिलेलं नसेल तर निव्वळ तिच्यावर विसंबून राहू नका. मोबाइलच्या पडद्याचं छायाचित्र (स्क्रीनशॉट) लावलेले अर्ज हरकतीच्या वेळी उघडे पडतात.

दिवसही मोजा. घटनेत ‘पंधरा दिवस आधी’ असेल तर नोटिशीवरची तारीख पुरत नाही, ती पाठवल्याची तारीख धरली जाईल असं समजून चला. चार दिवस जास्त ठेवले तर कोणाचं काही बिघडत नाही.

सभासद नोंदवही आणि थकलेली वर्गणी

ग्रंथालयात पुस्तक आलं की पहिल्या दिवशी दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक देणारी ही मंडळी. पण त्यांच्याच संघटनेची सभासद नोंदवही मागितली की एक्सेलची अर्धवट यादी पुढे येते, तीही मोबाइल क्रमांकांसाठी केलेली. अर्ज तपासताना पहिला प्रश्न असतो, त्या दिवशी सभासद किती होते आणि त्यातले मत द्यायला पात्र किती. याचं उत्तर वहीतूनच द्यावं लागतं.

१८६० च्या कायद्याचं कलम १५ इथे आडवं येतं. ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही, आणि त्याला सभासद म्हणून मोजताही येत नाही. म्हणजे प्रश्न फक्त मतांचा नाही, गणपूर्तीचाही आहे. हजेरीपटावर साठ सह्या आहेत आणि त्यातल्या चाळिसांची वर्गणी दोन वर्षांची बाकी आहे, अशी सभा कागदावर वीस जणांची ठरू शकते. सभेच्या सकाळी टेबल लावून थकबाकी गोळा करण्याची पद्धत चालू शकते, पण दोन अटींवर. पावती त्याच तारखेची आणि क्रमवार हवी. शिवाय ‘निवडणुकीपूर्वी अमुक दिवस वर्गणी भरलेली असावी’ असं घटनेत नसावं. असेल तर सकाळचं टेबल उपयोगाचं नाही.

निवृत्तांचा प्रश्नही इथलाच. बऱ्याच घटनांत सभासदाची व्याख्या ‘कार्यरत ग्रंथपाल’ अशी आहे. अध्यक्ष मुदतीच्या मध्येच निवृत्त झाले तर ते सभासद राहतात का? आजीव सभासद असतील तर? घटना गप्प असेल तर भांडण ठरलेलं. ज्यांच्या खांद्यावर संघटना उभी असते ते बहुधा निवृत्तच असतात, म्हणून त्यांना दूर करा असं मी म्हणणार नाही. घटनेत त्यांच्यासाठी एक ओळ घालून घ्या, एवढंच.

‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’

या शीर्षकाखाली निवडणूक उरकलेली असेल तर अर्जाचं अवघड आहे. निवडणूक विषयपत्रिकेवर स्वतंत्र विषय म्हणून हवी. घटनादुरुस्तीचंही तेच. ऐनवेळी सत्काराचा ठराव घ्या, श्रद्धांजलीचा घ्या, कार्यकारिणी नको. गणपूर्तीअभावी तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी घ्यायची सभाही नोटिशीत आधी छापलेली असावी. तहकूब केल्याची वेळ आणि पुन्हा सुरू केल्याची वेळ इतिवृत्तात लिहा. सगळं एका दमात ‘सभा संपन्न झाली’ असं लिहिलेलं इतिवृत्त वाचायला बरं वाटतं, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

तुटलेली साखळी

२०१२ ची कार्यकारिणी कळवली, २०१७ ची राहून गेली आणि आता २०२२ ची कळवायची आहे. अशा वेळी २०२२ ची निवडणूक ज्यांनी बोलावली त्यांचीच नावं नोंदीवर नसतात. कार्यालय विचारतं की यांना सभा बोलावण्याचा अधिकार कोणी दिला, आणि प्रश्न चुकीचा नाही. आधी राहिलेला बदल अर्ज विलंबमाफीसह दाखल करावा, मग नंतरचा. दोन्ही एकत्र चालवावेत अशी विनंती करता येते. मुदत संपून बराच काळ लोटला असेल आणि सभा बोलावायला नोंदीवरचं कोणी उरलंच नसेल, तर परस्पर निवडणूक घेऊ नका. १९५० च्या कायद्याच्या कलम ४१अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे निर्देश मागण्याचा मार्ग आहे. वेळ जातो, पण नंतर सभाच बेकायदा ठरण्यापेक्षा तो बरा.

अर्ज आणि जोडपत्रं

नमुना परिशिष्ट ३ चा (शेड्युल थ्री). सोबत परिशिष्ट १ चा ताजा उतारा, नोटीस आणि ती पोचल्याचा पुरावा, सभासद यादी, हजेरीपट, इतिवृत्त आणि ठराव, नव्या सदस्यांची संमतीपत्रं व ओळखपत्रं, जाणाऱ्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, घटनेची प्रत. अर्जावर सही कोणी करायची ते ठरावातच नावानिशी लिहा. जाणाऱ्या सदस्यांनी ‘हरकत नाही’ लिहून दिलं तर निम्मी लढाई तिथेच संपते. ते सत्काराच्या दिवशीच, सगळे खुशीत असताना घ्यावं. घटनेची मूळ प्रत हरवली असेल तर कार्यालयातून नक्कल मिळते, पण तिला वेळ लागतो. तो अर्ज निवडणुकीच्या आधीच करा.

नाव आणि पत्ता सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा. आधारवर ‘दत्तात्रय’ आणि ठरावात ‘दत्ताजी’ असेल तर त्रुटी निघतेच. हास्यास्पद वाटतं, पण निघते.

दाखल केल्यावर

१९५० च्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर विश्वस्तांची नावं बदलण्याच्या अर्जाला थोडा वेग आला आहे. अधिकारी १५ कामकाजाच्या दिवसांत बदल तात्पुरता मान्य करून हरकतींसाठी ३० दिवसांची नोटीस काढू शकतो. हरकत आली नाही तर तोच आदेश अंतिम. आली तर चौकशी, आणि तिचा निकाल तीन महिन्यांत देणं अपेक्षित आहे. कायद्यातली मुदत आणि प्रत्यक्षातली मुदत यांत किती अंतर पडतं ते त्या त्या कार्यालयावर अवलंबून, म्हणून तारखा लिहून ठेवा आणि पाठपुरावा करा. तात्पुरत्या आदेशावर सह्या बदलून मिळतील का, ते आपल्या बँकेला आधीच विचारा.

एक घोटाळा नेहमीचा. १८६० च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कार्यकारिणीची यादी वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत द्यायची असते. ती दिली म्हणजे बदल अर्ज झाला असं नाही, आणि बदल अर्ज दिला म्हणजे यादी झाली असंही नाही. हिशेबतपासणीचा अहवाल हा तिसरा, स्वतंत्र विषय. संस्थेचे उद्देशच बदलायचे असतील तर १८६० च्याच कायद्याचं कलम १२ पाहा: प्रस्ताव लेखी स्वरूपात दहा दिवस आधी, विशेष सभेत तीन-पंचमांश मतं, आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तेवढीच मतं. एका सभेत उद्देश बदलून मोकळं झालेल्या संघटनांना ही दुसरी सभा फार उशिरा कळते.

बदल अर्ज फेटाळला गेला तर १९५० च्या कायद्याच्या कलम ७० खाली धर्मादाय आयुक्तांकडे अपील करता येतं, ६० दिवसांत. त्याआधी आदेशाची प्रमाणित प्रत मागा आणि तो नीट वाचा. कारण कागद अपुरे असल्याचं असेल तर अपिलाआधी जाणत्या वकिलाला दाखवा. कधी कधी सभाच नव्याने, नीट नोटीस देऊन घेणं स्वस्त पडतं.

मंजुरी मिळाल्यावर परिशिष्ट १ च्या नव्या उताऱ्याच्या तीन-चार प्रमाणित प्रती एकदमच काढा. एक बँक ठेवून घेईल, एक हिशेब तपासनिसाला लागेल, आणि एक दप्तराच्या यादीत क्रमांक घालून पुढच्या चिटणिसांसाठी ठेवा.