निवासी डॉक्टरांचे चिकित्सा माहितीशास्त्र प्रशिक्षण

पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांना रुग्णाची माहिती नोंदवणाऱ्या, साठवणाऱ्या, एकीकडून दुसरीकडे पोचवणाऱ्या आणि उपचाराचा निर्णय घ्यायला मदत करणाऱ्या संगणकीय व्यवस्थांचे शास्त्र शिकवण्याची पद्धत. रुग्णालयांत हा विषय ‘क्लिनिकल इन्फर्मॅटिक्स’ याच नावाने ओळखला जातो. लॉगिन कसे करायचे, औषधाची ऑर्डर कुठे टाकायची, डिस्चार्ज कार्ड कसे छापायचे हे रुजू होताना काही तासांत शिकवून होते. त्याला हे नाव देत नाहीत. ती व्यवस्था अशीच का बांधली आहे, ती कुठे फसवते, तिच्यातल्या माहितीवर किती विसंबायचे आणि ती बदलून घ्यायची तर कोणाकडे काय मागायचे, हे या शिक्षणात येते.

त्याचे दोन थर आहेत. पहिला सर्व शाखांतल्या सर्व निवासी डॉक्टरांसाठी, म्हणजे जुजबी पण आवश्यक. दुसरा, मूळ विशेषज्ञता मिळवल्यानंतर याच विषयात तज्ज्ञ होऊ इच्छिणाऱ्या थोड्यांसाठी. दुसरा थर अमेरिकेत नीट आखलेला आहे. पहिला मात्र आजही विस्कळीत आहे, आणि खरी गरज त्याचीच आहे.

पार्श्वभूमी

केसपेपर हे विचार करण्याचे साधन आहे ही कल्पना संगणकाच्या सार्वत्रिक प्रसाराआधीची. लॉरेन्स वीड या अमेरिकन वैद्याने १९६८ मध्ये रुग्णाच्या समस्यांनुसार नोंदी मांडण्याची पद्धत सुचवली. रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय दिसते, त्यावरून निष्कर्ष काय आणि पुढे काय करायचे, हा जगभरच्या विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडलेला चौपदरी क्रम त्यातूनच आला. इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ संस्थेत १९७२ पासून संगणकीय नोंदींचे काम सुरू झाले. तेथील क्लेमंट मॅकडोनल्ड यांनी १९७६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकाने आठवण करून दिली तेव्हा डॉक्टरांनी दखल घेण्याजोग्या ५१ टक्के प्रसंगांत कृती केली. आठवण नसताना २२ टक्क्यांतच. मॅकडोनल्ड यांचा निष्कर्ष असा की माणूस निर्दोष होऊ शकत नाही, पण तो ज्या व्यवस्थेत काम करतो ती सुधारता येते. या विषयाचा पाया एका वाक्यात सांगायचा तर तो हाच.

१९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने रुग्णालयांतील टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असल्याचा अंदाज मांडला आणि संगणकीय ऑर्डरचा आग्रह वाढला. पुढे २००९ च्या हायटेक कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदी वापरणाऱ्या रुग्णालयांना व डॉक्टरांना सरकारी पैसा मिळू लागला. प्राथमिक स्वरूपाची इलेक्ट्रॉनिक नोंदव्यवस्था असलेल्या अमेरिकन रुग्णालयांचे प्रमाण २००८ मध्ये सुमारे ९ टक्के होते, ते २०१५ मध्ये ८४ टक्क्यांच्या आसपास गेले. यंत्रे सात वर्षांत आली, अभ्यासक्रम तेवढ्या वेगाने आला नाही. मधल्या काळात जे डॉक्टर निवासी होते ते पडत-धडपडत शिकले.

निवासी डॉक्टरच का

मोठ्या शिक्षण रुग्णालयात संगणकासमोर सर्वाधिक वेळ बसतो तो निवासी डॉक्टर. बॉल्टिमोरमधील दोन रुग्णालयांत इंटर्नच्या, म्हणजे तिथल्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांच्या, वेळेची मोजणी झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार रुग्णाशी बोलण्यात व त्याला तपासण्यात त्यांचा १२ टक्के वेळ जात होता, संगणकावर ४० टक्के. राउंडमध्ये वरिष्ठ ठरवतात, कनिष्ठ टाइप करतो. म्हणून व्यवस्थेतल्या खाचखळग्यांत पाय अडकतो तो त्याचाच. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकीय ऑर्डर-प्रणालीमुळे औषधचुकांना वाट करून देणारे २२ प्रकार नोंदवले. त्यांच्या माहितीचा मोठा आधार होता २६१ निवासी डॉक्टरांची पाहणी. एकाच रुग्णाची औषधे पाहायला अनेक खिडक्या उघडाव्या लागणे, यादीत शेजारच्या रुग्णाचे नाव दाबले जाणे, साठ्यातल्या गोळीचे बळ हीच योग्य मात्रा असे वाटणे, असे ते प्रकार होते.

सॅन फ्रान्सिस्कोतली घटना

या शिक्षणात वारंवार चर्चिले जाणारे उदाहरण २०१३ मधले, सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयातले. रुग्णालयाने ते दडवले नाही, म्हणून त्याचे टप्पे आज सगळ्यांना अभ्यासता येतात. दाखल झालेला १६ वर्षांचा मुलगा घरी एका प्रतिजैविकाची एक गोळी दिवसातून दोनदा घेत असे. त्याचे वजन ३८.६ किलो होते. ४० किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांची मात्रा किलोमागे मिलिग्रॅममध्येच लिहायची, असा रुग्णालयाचा नियम होता. निवासी डॉक्टरने किलोमागे ५ मिलिग्रॅम अशी बिनचूक ऑर्डर टाकली. हिशेब १९३ मिलिग्रॅम झाला. गोळी १६० मिलिग्रॅमची. फरक ५ टक्क्यांहून जास्त असल्याने औषधविभागाने नियमाप्रमाणे ऑर्डर दुरुस्त करायला सांगितले. डॉक्टरने ती उघडून १६० हा आकडा टाकला. एकक मात्र ‘किलोमागे मिलिग्रॅम’ तसेच राहिले होते.

१६० गुणिले ३८.६. संगणकाने ३८ गोळ्या आणि वर अर्धी अशी मात्रा काढली. जादा मात्रेचा इशारा झळकला. इशाऱ्यांना सरावलेल्या डॉक्टरने तो बाजूला सारला, आणि औषधविभागातही तेच झाले. यंत्रमानवाने गोळ्या मोजून पुड्या बांधल्या. परिचारिकेला आकडा विचित्र वाटला, पण बारकोड तपासला तर तो ‘बरोबर’ निघाला. मुलाने गोळ्या घेतल्या. काही तासांनी त्याला मोठी फिट आली. तो वाचला.

यात आळशी किंवा बेफिकीर असे कोणी सापडत नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण शिकवण्याजोगे आहे. सुरक्षिततेसाठी केलेला प्रत्येक नियम आपापल्या जागी शहाणपणाचा होता. ‘नीट बघून टाइप कर’ एवढाच धडा यातून काढणारा शिक्षक विषय समजलाच नाही, असे म्हणावे लागेल. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: एककाची पेटी आकड्यापासून इतकी अलग का? वाह्यात मात्रा स्वीकारायचीच नाही, अशी कमाल मर्यादा प्रणालीत का नव्हती? ३९ पट मात्रेचा इशारा आणि किरकोळ फरकाचा इशारा एकाच रंगरूपात का दिसतात?

काय शिकवले जाते

इशाऱ्यांचा थकवा, म्हणजे सतत इशारे पाहून त्यांच्याकडे दुर्लक्ष होऊ लागणे, हा अभ्यासक्रमाचा पहिला विषय. औषधसुरक्षेचे ४९ ते ९६ टक्के इशारे डॉक्टर ओलांडून जातात, असे २००६ मधील एका आढाव्यात दिसून आले. बहुतेक वेळा त्यांचे ओलांडणे बरोबरच असते. अडचण उरलेल्या वेळांची. कोणता इशारा काम थांबवणारा असावा, कोणता नुसता बाजूला दिसावा आणि कोणता काढूनच टाकावा, हे ठरवायला निवासी डॉक्टरांना शिकवतात.

नोंदलेखन हा दुसरा विषय, आणि सगळ्यात दुखरा. सॅन फ्रान्सिस्कोतच झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दैनंदिन नोंदींमधला सरासरी फक्त १८ टक्के मजकूर हाताने टाइप केलेला निघाला. ४६ टक्के आधीच्या नोंदींतून कॉपी-पेस्ट केलेला आणि ३६ टक्के प्रणालीतून आपोआप आलेला. काढून टाकलेला कॅथेटर आठवडाभर नोंदीत ‘आहे’ म्हणून राहतो, तो असा. कॉपी-पेस्टवर सरसकट बंदी घालण्याचा मार्ग सहसा टिकत नाही, कारण कामाचा बोजा तोच राहतो. कोणता भाग पुढे न्यायचा, कोणता रोज नव्याने लिहायचा, हे शिकवणे अधिक उपयोगी. त्यातच अमेरिकेत २०२१ पासून लागू झालेल्या नियमांमुळे रुग्णाला आपल्या नोंदी आणि तपासण्यांचे अहवाल विनाविलंब पाहता येतात. कर्करोगाचा पॅथॉलॉजी अहवाल डॉक्टरच्या आधी रुग्णाच्या फोनवर पोचू शकतो. ‘रुग्ण म्हणणे ऐकत नाही’ अशा धाटणीची वाक्ये आता तो रुग्णच वाचणार असतो.

याशिवाय माहितीची प्रमाणके येतात: निदानांसाठी स्नोमेड, प्रयोगशाळा चाचण्यांसाठी लॉइंक, क्ष-किरण व इतर प्रतिमांसाठी डायकॉम, प्रणालींमधल्या देवाणघेवाणीसाठी फायर. निवासी डॉक्टरने हे पाठ करावे अशी अपेक्षा नसते. एका रुग्णालयाचा ‘हिमोग्लोबिन’ दुसऱ्याच्या पडद्यावर का उमटत नाही, एवढे कळले तरी पुरे. गोपनीयतेच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. कोणत्या रुग्णाची फाइल कोणी, केव्हा, किती वेळ उघडली याची नोंद प्रणाली ठेवत असते. ओळखीच्या माणसाचे रिपोर्ट सहज म्हणून पाहणे हा नियमभंग आहे.

ड्यूटी बदलताना रुग्ण सोपवण्याचे प्रशिक्षणही इथे मोडते. नऊ बालरोग निवासी कार्यक्रमांतील, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ठरावीक साच्यात हँडओव्हर केल्याने वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या. साचा संगणकात होता, पण तोंडी बोलण्याची शिस्तही सोबत होती, हे विसरून चालत नाही. आणि प्रणाली बंद पडली तर? सायबर हल्ल्यानंतर काही रुग्णालयांना अनेक आठवडे कागदावर काम करावे लागले आहे. कागदी ऑर्डर कधीच न लिहिलेल्या पिढीला ती लिहायला शिकवणे हा आता याच अभ्यासक्रमाचा भाग झाला आहे.

शिकवण्याच्या रीती

व्याख्यानांनी फारसे साधत नाही. ऑरेगॉनमधील वैद्यकीय विद्यापीठात अतिदक्षता विभागातल्या बनावट रुग्णाची फाइल तयार करून तिच्यात मुद्दाम धोके पेरले गेले आणि ते शोधायला डॉक्टरांना बसवले. सरासरीने निम्म्याहून कमी धोके सापडले. रोजच्या वापरातल्या पडद्यावर आपल्याला अर्धेही दिसत नाही, ही जाणीव कोणत्याही व्याख्यानापेक्षा पटकन उतरते.

काही कार्यक्रमांत निवासी डॉक्टर दोन ते चार आठवडे माहितीशास्त्र विभागात काम करतात. तेथे त्यांनी एखादा ऑर्डर-संच (एकत्र टाकायच्या ऑर्डरींची तयार यादी) बदलणे, रोज विनाकारण होणाऱ्या रक्तचाचण्या कमी करणे, निरुपयोगी इशारा बंद करवणे असे छोटे काम शेवटपर्यंत न्यायचे असते. रुग्णालयाच्या संगणक समितीवर निवासी डॉक्टरांचा प्रतिनिधी घेण्याची पद्धतही आहे. समितीत बसणाऱ्या वरिष्ठांपैकी बरेच जण स्वतः क्वचितच ऑर्डर टाकतात. त्यामुळे ही एक खुर्ची महत्त्वाची ठरते. विकृतिशास्त्र आणि क्ष-किरणशास्त्र या शाखा यात पुढे आहेत. त्यांचा कच्चा मालच माहिती आणि प्रतिमा असल्याने त्यांनी निवासी डॉक्टरांसाठी देशपातळीवरचे सामाईक अभ्यासक्रम २०१० च्या दशकातच तयार केले.

उपविशेषता

अमेरिकन बोर्ड ऑफ मेडिकल स्पेशॅलिटीजने २०११ मध्ये क्लिनिकल इन्फर्मॅटिक्सला वैद्यकीय उपविशेषता म्हणून मान्यता दिली. पहिली परीक्षा २०१३ मध्ये झाली आणि फेलोशिपच्या, म्हणजे विशेषज्ञ झाल्यानंतरच्या प्रशिक्षणाच्या, कार्यक्रमांचे निकष २०१४ मध्ये आले. फेलोशिप दोन वर्षांची असते. कोणत्याही मूळ शाखेचा तज्ज्ञ ती करू शकतो, ही तिची विलक्षण गोष्ट: हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ एकाच बाकावर बसतात. आधीपासून हे काम करणाऱ्यांना फेलोशिपविना परीक्षेला बसू देणारी अनुभवाची वाट सुरुवातीला पाच वर्षांसाठी ठेवली होती. पुरेशी फेलोशिप पदे नसल्याने तिची मुदत पुढे दोनदा वाढवावी लागली.

पदे कमी असण्याचे कारण मुख्यतः पैसा. फेलोने केलेल्या माहितीशास्त्राच्या कामाचे बिल कोणत्याही रुग्णाच्या नावे लागत नाही. म्हणून बहुतेक फेलो आठवड्यातला काही वेळ आपल्या मूळ शाखेत रुग्ण पाहतात. त्यांना ते आवडतेही, कारण वॉर्डात न जाणाऱ्या माहितीतज्ज्ञाचे डॉक्टर फार काळ ऐकत नाहीत.

ब्रिटनमध्ये २०१७ मध्ये फॅकल्टी ऑफ क्लिनिकल इन्फर्मॅटिक्स ही व्यावसायिक संस्था स्थापन झाली. तिचे दार डॉक्टरांबरोबर परिचारिका, औषधतज्ज्ञ आणि इतर आरोग्य व्यावसायिकांनाही खुले आहे.

अडचणी आणि नवे प्रश्न

वेळ मिळत नाही, ही तक्रार सर्वत्र आहे आणि ती खरी आहे. अमेरिकेत निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे आणि त्यात प्रत्येक विषयाला वाटा हवा असतो. शिकवणारे अपुरे आहेत. शिवाय निवासी डॉक्टर अनेकदा दोन-तीन रुग्णालयांत फिरतो आणि प्रत्येक ठिकाणची प्रणाली वेगळी असते. कौशल्य मोजण्याचा प्रश्नही सुटलेला नाही. प्रणालीतल्या वापर-नोंदींवरून कोण किती वेळ टाइप करतो हे कळते, नोंद चांगली आहे का हे कळत नाही.

रुग्णाला पुढे काय होईल याचे भाकीत करणाऱ्या गणिती प्रतिमानांमुळे अभ्यासक्रमात नवी भर पडली आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये शेकडो रुग्णालयांत वापरले जाणारे सेप्सिस-भाकिताचे (सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गामुळे शरीरभर उठणारी जीवघेणी प्रतिक्रिया) एक प्रतिमान आपल्या रुग्णांवर तपासले, तेव्हा त्याने सेप्सिस झालेल्या ६७ टक्के रुग्णांना ओळखलेच नव्हते. असे प्रतिमान कोणत्या रुग्णांवर घडवले, आपले रुग्ण त्यांच्यासारखे आहेत का, चुकीच्या घंटा किती वाजतात, हे विचारायला निवासी डॉक्टरने शिकावे अशी आता अपेक्षा आहे. डॉक्टर व रुग्णाचे संभाषण ऐकून नोंदीचा मसुदा आपोआप लिहिणारी साधनेही वापरात आली आहेत. अनुभवी डॉक्टरला त्यांनी वेळ मिळतो. पण निवासी डॉक्टर निदानापर्यंत पोचतो तो बऱ्याचदा नोंद लिहिता लिहिता. म्हणून पहिल्या वर्षात नोंद स्वतः लिहायची आणि मसुदा लिहिणारे साधन नंतर हाती द्यायचे, असा एक मार्ग शिक्षकांमध्ये सुचवला जातो.