पार्श्वभूमी : म्हातारपणाच्या तरतुदीचा हिशेब

आयडा मे फुलर या अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्यातल्या लडलो गावच्या. वकिलांच्या ऑफिसात सेक्रेटरीचे काम करायच्या. 1939 च्या नोव्हेंबरमध्ये कामानिमित्त रटलंडला गेल्या असताना, वाटेत सहज चौकशी करावी म्हणून त्या सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेच्या, कार्यालयात शिरल्या. पगारातून वर्गणी कापली जाते, तेव्हा आपल्याला काही मिळणार आहे का, एवढेच विचारायचे होते. 31 जानेवारी 1940 रोजी त्यांच्या नावाने 22.54 डॉलरचा चेक निघाला. क्रमांक होता 00-000-001. तीन वर्षांत त्यांनी भरलेली एकूण वर्गणी 24.75 डॉलर, म्हणजे दुसऱ्याच महिन्यात सगळी वसूल. 1975 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी त्या वारल्या, तोवर त्यांना 22,888.92 डॉलर मिळाले होते.

यात त्यांनी कोणाला फसवले नव्हते. कायदा ज्यासाठी केला होता तेच घडले. पण वरचे पैसे आले कुठून, हा प्रश्न विचारल्याशिवाय आजची पेन्शनची चर्चा समजत नाही. ते पैसे आले त्यांच्या मागून कामाला लागलेल्यांच्या पगारातून.

सुरुवातीला कल्पना अशी नव्हती. जर्मनीत चान्सलर बिस्मार्क यांच्या काळात, 1889 साली, वृद्धत्व आणि अपंगत्वाच्या विम्याचा कायदा झाला. कामगाराकडे एक कार्ड असे आणि भरलेल्या हप्त्यांची तिकिटे त्यावर चिकटवली जात. थोडी वर्गणी कामगाराची, थोडी मालकाची, वर सरकारचे अनुदान. पेन्शनचे वय होते 70. (65 हे वय बिस्मार्क यांनी ठरवले असे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. 65 झाले ते 1916 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी.) जमलेल्या वर्गणीची गंगाजळी साठत होती. पहिले महायुद्ध आणि 1923 ची प्रचंड महागाई यांत ती धुऊन निघाली. साठवलेला पैसाही सुरक्षित नसतो, हा धडा युरोपाने तेव्हा घेतला. गंगाजळीवरचा विश्वास उडाला तो का, हे त्यामुळे समजू शकते.

ब्रिटनमध्ये 1909 पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना करांच्या पैशातून आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. पुढे सामाजिक विम्यावरच्या 1942 च्या अहवालात अर्थतज्ज्ञ बेव्हरिज यांनी सर्वांसाठी वर्गणीवर आधारलेले पेन्शन सुचवले, पण पूर्ण रक्कम वीस वर्षांत टप्प्याटप्प्याने द्यावी असे बजावले. युद्ध सोसून आलेल्या म्हाताऱ्यांना वीस वर्षे थांबा म्हणायचे कोणी? युद्धानंतर आलेल्या पंतप्रधान ॲटली यांच्या सरकारने पूर्ण दराने पेन्शन लगेच सुरू केले. माणुसकीच्या दृष्टीने निर्णय बरोबरच होता, पण गंगाजळी साठवण्याचा विचार तिथे बाजूला पडला. पश्चिम जर्मनीत 1957 साली चान्सलर आडेनाउअर यांनी पेन्शन थेट पगारवाढीला जोडले. ते एका फटक्यात निम्म्याहून अधिक वाढले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निवडणूक होती आणि त्यांना स्पष्ट बहुमत मिळाले.

आजच्या कमावत्यांची वर्गणी आजच्याच पेन्शनरांना द्यायची, या पद्धतीचे गणित साधे आहे. सरासरी पगाराच्या 40 टक्के पेन्शन द्यायचे आणि एका पेन्शनरामागे चार कमावते असतील, तर प्रत्येकाच्या पगारातून 10 टक्के पुरतात. दोनच कमावते उरले तर 20 टक्के लागतात, नाहीतर पेन्शन निम्मे करावे लागते. युद्धानंतर मुले भरपूर जन्मत होती, पगार वाढत होते, त्यामुळे या गणिताकडे बघायची कोणाला गरज वाटली नाही. आयुर्मान वाढले ही आनंदाचीच गोष्ट. हिशेब बिनसला तो मुख्यतः पाळणा लांबल्यामुळे, आणि ते दिसत असूनही आश्वासने वाढवत नेल्यामुळे.

याचे सर्वात ठळक उदाहरण जपान. 1973 हे वर्ष तिथे 'कल्याणाचे पहिले वर्ष' म्हणून जाहीर झाले. पेन्शन वाढले, महागाईला जोडले गेले, सत्तरीपुढच्यांना औषधोपचार मोफत झाले. दवाखान्यांच्या बाकांवर म्हाताऱ्यांचा कट्टा भरू लागला. त्याच वर्षाच्या शेवटी तेलाचे संकट आले आणि भरभराटीचा काळ संपला. मोफत उपचार 1983 मध्ये बंद करावे लागले. 65 वर्षांवरच्यांचे प्रमाण 7 वरून 14 टक्के व्हायला फ्रान्सला शंभराहून अधिक वर्षे लागली; जपानमध्ये ते 1970 ते 1994 एवढ्यात झाले. कर वाढवायला मात्र मतदार तयार नव्हते. 1989 मध्ये 3 टक्क्यांनी आलेला उपभोग कर (खरेदीवर लागणारा कर) 10 टक्क्यांवर पोचायला 2019 उजाडले. मधली तूट कर्ज काढून भरली गेली आणि आज सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक आहे. त्यात एकट्या पेन्शनचा वाटा नाही, पण वृद्धांवरच्या खर्चाचा वाटा मोठा आहे.

उपाय सगळीकडे तेच : वय वाढवा, वर्गणी वाढवा किंवा पेन्शन कमी करा. अमेरिकेने 1983 मध्ये वय 65 वरून 67 करायचे ठरवले, पण इतक्या हळूहळू की 1960 मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच ते पूर्ण लागू होते. फ्रान्सने 2023 मध्ये 62 चे 64 करायचे ठरवले तेव्हा लाखो लोक रस्त्यावर उतरले.

दरवेळी असा संघर्ष नको म्हणून नव्वदच्या दशकानंतर वेगळा विचार आला : नियमच असा करायचा की हिशेब बिघडला की पेन्शनची वाढ आपोआप कमी होईल. जपानने 2004 मध्ये तसा कायदा केला. पण भाव घसरत असताना ही कात्री चालवायची नाही अशी तरतूद त्यात होती, आणि भाव तर वाढतच नव्हते. कात्री पहिल्यांदा चालली 2015 मध्ये. जर्मनीनेही 2004 मध्येच तसे सूत्र आणले, आणि 2009 मध्ये, पगार घसरले तरी पेन्शन घटणार नाही अशी हमी कायद्याने दिली. स्वीडनची रचना सर्वात काटेकोर मानली जाते. तिथला आपोआप कपातीचा ब्रेक 2010 मध्ये, नेमका निवडणुकीच्या वर्षी, लागला. सरकारने आधीच हिशेबाची पद्धत बदलून तीन वर्षांची सरासरी घ्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे कपात सौम्य झाली. आणि जी झाली तिची झळ बसू नये म्हणून पेन्शनरांचा आयकर कमी केला.