ट्रेलर हेलकावायला लागला की थ्रॉटल वाढवू नका

"बाइकमागचा ट्रेलर डावीउजवीकडे झुलायला लागला की थ्रॉटल वाढवायचा. ओढ वाढली की तो आपोआप सरळ होतो." लांबच्या प्रवासाला निघणारे बाइकस्वार हा सल्ला एकमेकांना इतक्या खात्रीने देतात, की तो तपासून बघावा असे कुणाला वाटत नाही. कारमागे ट्रेलर ओढणाऱ्यांमध्येही तो चालतो. ओढीने ट्रेलर रांगेत येतो हे खोटे नाही. पण ती ओढ केवढी आणि वाढलेल्या वेगाने होणारे नुकसान केवढे, हे दोन आकडे शेजारी ठेवले की सल्ल्यातली हवा निघून जाते.

आधी गाडीची रचना पाहू. प्रवासी बाइकमागचा ट्रेलर बहुधा छोटा असतो: दोन लहान चाके, वर सामानाची पेटी, पुढे दांडी. दांडीच्या टोकाचा कप बाइकच्या मागे बसवलेल्या गोळ्यावर अडकतो. हा जोड म्हणजे हिच. सामानासकट सत्तर किलोंचा ट्रेलर ओढायला मोठ्या इंजिनाला काहीच कष्ट पडत नाहीत, त्यामुळे इंजिनाच्या ताकदीची चर्चा इथेच सोडू.

कार आणि बाइक यांतला मोठा फरक म्हणजे बाइक वळणावर कलते. ताशी ६० किमी वेगाने ५० मीटर त्रिज्येचे वळण घ्यायचे तर तिला जवळजवळ ३० अंश कलावे लागते. मागचा दोन चाकांचा ट्रेलर मात्र सपाटच राहतो. म्हणून त्याच्या दांडीत स्वतःभोवती फिरणारा जोड, म्हणजे स्विव्हल, लागतो. तो गंजून अडकला तर वळणात बाइक ट्रेलरचे एक चाक उचलू पाहते आणि ट्रेलर बाइकला उभी करू पाहतो. शिवाय कलता येत नसल्यामुळे ट्रेलर बाहेरच्या बाजूला उलटू शकतो. वरच्या वळणात बाजूचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या साधारण ५७ टक्के असते. चाकांमधले अंतर ९० सेंमी आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंमी उंच असेल, तर उलटण्याची मर्यादा ९० टक्क्यांवर असते. पेटीवर आणखी सामान रचून गुरुत्वमध्य ७५ सेंमीवर नेला की ती ६० टक्क्यांवर येते. मग रस्त्यातला एक उंचवटासुद्धा पुरतो.

हे सगळे किमान डोळ्यांना दिसते. हेलकाव्याचे कारण दिसत नाही, आणि या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे.

टायर बाजूला जोर कसा लावतो? टायरचे तोंड जिकडे आहे नेमका तिकडेच तो जात असेल, तर बाजूचा जोर शून्य. तोंड एकीकडे आणि प्रत्यक्ष वाट किंचित दुसरीकडे असेल, तर रस्त्याला चिकटलेले रबर मुरडते आणि चाकाला बाजूला रेटते. या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. कोन लहान असेपर्यंत जोर कोनाच्या प्रमाणात वाढतो.

आता वाऱ्याच्या झोताने ट्रेलर थोडा तिरका झाला असे समजा. त्याच्या टायरचा स्लिप अँगल दोन कारणांनी तयार होतो. पहिले कारण तिरकेपणा. त्यातून येणारा जोर ट्रेलरला मध्याकडे परत आणतो, आणि बाइकच्या वेगाशी त्याचा संबंध नसतो. दुसरे कारण म्हणजे झुलताना चाक बाजूला सरकत असते. ही बाजूची गती आणि पुढची गती यांच्या गुणोत्तरातून आणखी एक कोन तयार होतो, आणि त्याचा जोर सतत झुलण्याच्या विरुद्ध लागतो. हेच अवमंदन. ट्रेलरचे सस्पेन्शन फक्त वरखाली होणारे धक्के पचवते. आडवा हेलकावा शमवायला या दुसऱ्या जोराखेरीज फारसे काही नसते.

समजा चाक सेकंदाला १ मीटर बाजूला सरकते आहे. बाइक सेकंदाला १० मीटर पुढे जात असेल, तर हा कोन सुमारे ६ अंश भरतो. बाइक सेकंदाला ३० मीटर जात असेल, तर जेमतेम २ अंश. हेलकावा तोच, टायर तोच, पण शमवणारा जोर एक तृतीयांश! परत आणणारा जोर जसाच्या तसा राहिला आणि थांबवणारा जोर वेगाने खाल्ला.

आकडे घालून बघू. ट्रेलर ७० किलोंचा, हिचपासून चाकांपर्यंत दीड मीटर, हिचभोवतीचे जडत्व आघूर्ण (फिरण्यातल्या बदलाला होणारा विरोध; तो जास्त, तर हेलकावा उशिरा विरतो) १७० किलोग्रॅम-चौरस मीटर, आणि दोन्ही टायर मिळून स्लिप अँगलच्या दर अंशाला १०५ न्यूटन जोर देतात असे धरू. समीकरण सोडवले की एका हेलकाव्याचा आवर्तकाल, म्हणजे एकदा पूर्ण जाऊन येण्याचा वेळ, जवळपास ०.९ सेकंद येतो. ताशी ५४ किमी वेगाला एका पूर्ण हेलकाव्यानंतर त्याचा दहावा हिस्सासुद्धा उरत नाही. ताशी ९० किमीला साधारण पाव उरतो, ताशी १०८ किमीला जवळपास तिसरा हिस्सा. सूत्रात अवमंदनाचे गुणोत्तर, म्हणजे हेलकावा किती लवकर विरतो याचे माप, वेगाच्या व्यस्त प्रमाणात आणि टायरच्या ताठपणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात येते. ट्रेलरच्या टायरमधली हवा कमी झाली की हेलकावे वाढण्याचे एक कारण हेच.

हे गणित हिच जागेवर घट्ट आहे असे धरून केले आहे. खरी बाइक म्हणजे जमिनीत रोवलेला खांब नव्हे. ट्रेलर हिचला बाजूला रेटतो, बाइकचे मागचे टोक हलते, बाइक किंचित कलते, आणि हे हलणे पुन्हा ट्रेलरला पोचते. मुळात बाइकला तिची स्वतःची आंदोलने असतात. रॉबिन शार्प यांनी १९७१ साली मोटारसायकलच्या स्थैर्याचे गणित मांडून ती वेगळी दाखवली. हँडलची जलद थरथर हे एक, त्याला वॉबल म्हणतात. सगळी बाइक सापासारखी वळवळणे हे दुसरे, त्याला वीव्ह म्हणतात. जास्त वेगात वीव्हचेही अवमंदन घटत जाते. अशी दोन आंदोलने एकमेकांना जोडली, की एका विशिष्ट वेगाला एकूण अवमंदन शून्य होऊ शकते. त्यापुढे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. त्यासाठी लागणारी ऊर्जा बाहेरून येत नाही, ती बाइकच्या पुढे जाण्याच्या गतीतूनच घेतली जाते.

अशा वेळी चालक काय करतो? हँडल उलट बाजूला देऊन हेलकावा मारायला बघतो. माणसाला हालचाल जाणवून हात हलेपर्यंत सेकंदाचा काही दशांश भाग जातो. इकडे अर्धा हेलकावा ०.४५ सेकंदात पुरा होतो. म्हणजे हाताची दुरुस्ती पोचते तेव्हा ट्रेलर उलट फिरलेला असतो, आणि ती दुरुस्ती झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेल्या धक्क्यासारखी हेलकावा वाढवते. हँडलवरची पकड सैल ठेवा असे अनुभवी चालक सांगतात, त्यामागे एवढे गणित आहे.

आता थ्रॉटलकडे वळू. सेकंदाला दीड मीटर प्रति सेकंद या दराने वेग वाढवला, तर आपल्या ट्रेलरला सरळ करणाऱ्या जोरात जी भर पडते ती टायरच्या जोराच्या दोन टक्केही नाही. उलट ९० वरून १०८ वर गेल्यावर अवमंदन एक षष्ठांशाने घटते, आणि तेवढ्यावर थांबता येत नाही, कारण त्या वेगावरून कधीतरी खाली यायचेच असते. थ्रॉटल हळूच सोडून ९० वरून ७२ वर आलात, तर अवमंदन पावपटीने वाढते. थ्रॉटल सोडल्याने जो सरळपणा जातो तो एखाद्या टक्क्याचा. जोरात ब्रेक मात्र मारू नये. पुढचा ब्रेक करकचून दाबला की मागच्या चाकावरचा भार कमी होतो, आणि नेमक्या त्याच चाकामागे तिरका ट्रेलर रेटा देत असतो.

हेलकावा सुरू झाल्यावरच्या युक्त्यांपेक्षा सामान कसे भरले याला मी जास्त महत्त्व देतो. १५ किलोंची एक पेटी घ्या. चाकांच्या ६० सेंमी मागे ठेवली, तर हिचभोवतीच्या जडत्व आघूर्णात तिचा वाटा ६६ किलोग्रॅम-चौरस मीटर. तीच चाकांच्या १० सेंमी पुढे आणली तर २९. याच हलवाहलवीने दांडीच्या टोकावरचा भार ७ किलोंनी वाढतो. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. सत्तर किलोंना तो ७ ते १०.५ किलो होतो. म्हणजे एका पेटीची जागा चुकली की सगळा हिशेब चुकला. हा भार घरच्या वजनकाट्यावर दांडीचे टोक टेकवून मोजता येतो. टोक हिचच्या उंचीवर राहील एवढी मात्र काळजी घ्या. तो फार वाढवणेही बरे नाही. हिच मागच्या आसाच्या ६० सेंमी मागे असेल, तर १० किलोंच्या भाराने पुढच्या चाकावरचे साधारण साडेतीन किलो उचलले जातात, आणि बाइकचे वळणे तर पुढच्या चाकावर अवलंबून असते.

अनेक कंपन्या आपल्या बाइकच्या माहितीपुस्तिकेत ट्रेलर जोडू नका असे स्पष्ट लिहितात. तो मजकूर वकिलांनी घातलेला म्हणून बाजूला सारणारे लोक रस्त्यावरच्या दुष्ट शक्तींना अडकवण्यासाठी बाइकच्या तळाशी छोटी घंटा मात्र श्रद्धेने बांधतात. मित्राने दिलेली घंटा प्रेमाची खूण म्हणून ठेवावी, तिच्यावर सुरक्षितता सोपवू नये. "कोणत्याही वेगाला स्थिर" अशा ट्रेलरच्या जाहिरातीही त्याच मापाने मोजाव्यात. अवमंदन वेगाबरोबर घटते, ते जाहिरात वाचून थांबत नाही.

कार आणि ट्रेलरच्या जोडीसाठी आयएसओ ९८१५ नावाची एक आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. वेगवेगळ्या वेगांना स्टिअरिंगला एक छोटा झटका देऊन हेलकावे कसे विरतात ते नोंदवतात, अवमंदन आणि वेग यांचा आलेख काढतात, आणि ती रेघ पुढे वाढवून अवमंदन शून्य होणारा वेग शोधतात. त्या वेगापर्यंत प्रत्यक्ष जावे लागत नाही. बाइकवर मुद्दाम झटके देण्याची गरज नाही, ते रस्ताच देतो. एखादा ट्रक शेजारून गेला किंवा चाक खड्ड्यातून गेले की आरशात ट्रेलरकडे बघा आणि तो किती हेलकाव्यांत थांबतो ते मोजा. साठच्या वेगाला एकात थांबणारा ट्रेलर ऐंशीला तीन घेत असेल, तर वेग हळूहळू कमी करून सुरक्षित जागी थांबा, टायरची हवा तपासा आणि जड पेटी चाकांच्या पुढे सरकवा.