एसएसडी बसवली, तरी लॅपटॉप कुणाची वाट पाहतो?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहणाऱ्या माझ्या भाचीचा लॅपटॉप जुना आहे, डीव्हीडी ड्राइव्ह असायचा त्या काळातला. मागच्या महिन्यात तिने लॅमिंग्टन रोडवर जाऊन 500 जीबीची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान साठवण, घेतली आणि तिथेच बसवून घेतली. जुनी हार्ड डिस्क फुकट जायला नको म्हणून डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी बसणाऱ्या चौकटीत, म्हणजे कॅडीत घालून तीही आतच ठेवली. विंडोज नव्याने टाकून मिळालं. घरी आल्यावर बटण दाबलं, तर पडद्यावर कंपनीचं चिन्ह तसंच ठाण मांडून बसलेलं. "मामा, पैसे पाण्यात गेले का रे?" तिने रात्री फोन करून विचारलं.

दुकानातून सल्ला मिळाला होता, रॅम वाढवा. मी तिला म्हटलं, एक रुपयाही खर्च करू नकोस, रविवारी येतो.

रविवारी आम्ही आधी फक्त वेळ मोजला, फोनच्या स्टॉपवॉचवर. बटण दाबल्यापासून कंपनीचं चिन्ह पडद्यावर 51 सेकंद. मग विंडोजचे गोल फिरणारे ठिपके, 13 सेकंद. पासवर्ड टाकल्यावर माऊस खऱ्या अर्थाने हाताला लागेपर्यंत आणखी 20. एकूण 84 सेकंद, आणि त्यातली पहिली 51 सेकंदं विंडोज सुरूही झालेलं नव्हतं. मग विंडोजसाठी रॅम वाढवून काय होणार? हे तीन आकडे कागदावर लिहिले की निम्मं निदान होतं, आणि त्याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

एसएसडी नेमकं काय वेगवान करते, ते आधी बघू. लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क मिनिटाला 5400 वेळा फिरते. म्हणजे एका फेरीला सुमारे 11 मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, ते साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर सरकवायला दहा-बारा मिलिसेकंद जातात. असं करत सेकंदाला साठ-सत्तर ठिकाणचे तुकडे वाचून होतात. संगणक सुरू होताना तर हजारो लहान लहान फायली लागतात, त्याही डिस्कभर विखुरलेल्या. 1956 साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हापासून फिरण्याची आणि सरकण्याची ही मर्यादा कायम आहे. एसएसडीत काही फिरत नाही. जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकात विकसित केलेल्या फ्लॅश मेमरीत विद्युतभाराच्या रूपात माहिती साठवलेली असते, आणि कुठलाही तुकडा साधारण एक दशांश मिलिसेकंदात मिळतो. म्हणून ठिपके फिरण्याचा वेळ एकदम आटोक्यात येतो.

पण सुरू होताना संगणक वाचण्याबरोबर आणखी एक गोष्ट करतो. तो वाट पाहतो. तुम्ही चाळीत एखाद्याचं दार ठोठावता, आत कुणी आहे की नाही माहीत नसतं, म्हणून थोडा वेळ थांबता. तसंच मदरबोर्डवरचं बायोस, म्हणजे वीज मिळताच सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्रॅम, प्रत्येक डिस्कला हाक मारतो आणि उत्तराची वाट बघतो. हार्ड डिस्कला शून्यातून पूर्ण वेगाने फिरायला काही सेकंद लागतात, त्यामुळे जोडणीच्या नियमांतच तिला तयार व्हायला सुमारे 30 सेकंदांपर्यंत मुभा दिलेली आहे. धडधाकट डिस्क चार-पाच सेकंदांत उत्तर देते. आजारी डिस्क ती मुभा पुरेपूर वापरते. आणि हे थांबणं घड्याळाने ठरलेलं असतं. शेजारी जगातली सगळ्यात वेगवान एसएसडी असली तरी त्यातलं एक सेकंदही कमी होत नाही.

आमचा संशय अर्थातच कॅडीतल्या जुन्या डिस्कवर गेला. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम डिस्कने स्वतःच ठेवलेली प्रकृतीची नोंद दाखवतो. एसएसडीपुढे निळी खूण होती. जुन्या डिस्कपुढे पिवळी, आणि वाचता न आलेल्या सेक्टरांच्या, म्हणजे डिस्कवरच्या लहान कप्प्यांच्या, रकान्यात शून्य नव्हतं. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, एक स्क्रू सोडवून कॅडी ओढून बाहेर काढली. बटण दाबलं. चिन्ह सहा सेकंदांत गेलं. आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, की सुरू करण्याजोगी डिस्कच सापडत नाही!

भाचीचा चेहरा पडला. मला मात्र त्या ओळीनेच सगळं सांगून टाकलं. विंडोज टाकताना जुनी डिस्क आत असेल, तर इन्स्टॉलर आधीपासून असलेला छोटा ईएफआय विभाग, म्हणजे सुरुवातीच्या फायलींसाठी राखलेला डिस्कचा तुकडा, शोधून आपला बूट लोडर, म्हणजे विंडोज उघडून देणारा छोटा प्रोग्रॅम, बऱ्याचदा तिथेच ठेवून देतो. विंडोज नव्या घरात, दाराची किल्ली जुन्या घरात. म्हणजे रोज सकाळी एसएसडीवरचं विंडोज उघडायला लॅपटॉप आधी त्या मरणासन्न डिस्कला उठवत होता. एखाद दिवशी ती उठलीच नसती, तर चांगल्या एसएसडीवरचं विंडोजही उघडलं नसतं.

बीसीडीबूट नावाची आज्ञा वापरून बूट लोडर एसएसडीवर नव्याने तयार करता येतो. पण त्यासाठी एसएसडीवर ईएफआय विभाग असावा लागतो, नसेल तर जागा काढून तो बनवावा लागतो. तिचं विंडोज आठवड्याचंच होतं आणि त्यावर कामाचं काही नव्हतं, म्हणून आम्ही कॅडी बाहेर ठेवून ते पुन्हा टाकलं. पाऊण तासाचं काम. तुम्हीही एसएसडी बसवून घेणार असाल तर दुकानात हे एवढं जरूर सांगा, की विंडोज टाकताना दुसरी एकही डिस्क जोडलेली नको.

विंडोजऐवजी लिनक्स चालवणाऱ्यांचीही हीच व्यथा असते, फक्त रूप वेगळं. माझ्या उबुंटूच्या (हा लिनक्सचाच एक प्रकार) लॅपटॉपची डिस्क बदलली तेव्हा सुरू होताना एक लाल चांदणी डावीकडून उजवीकडे फिरत राहायची आणि शेजारी 1 मिनिट 30 सेकंदांची मुदत दिसायची. प्रत्येक विभागाला एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. नवा स्वॅप विभाग, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, केला की क्रमांक नवा मिळतो, पण कुठले विभाग जोडायचे त्याची यादी असलेल्या एफएसटॅब या फाइलीत जुनाच लिहिलेला राहतो. लिनक्स मग नसलेल्या विभागासाठी पूर्ण 90 सेकंदं थांबतं. ती एक ओळ दुरुस्त केली आणि दीड मिनिट वाचलं. कोण किती वेळ खातंय हे तिथे ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम’ ही आज्ञा दिली की उतरत्या क्रमाने कळतं. विंडोजमध्ये इतकं सरळ नाही, पण टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर पुष्कळ लॅपटॉपवर वरच्या कोपऱ्यात बायोसला लागलेले सेकंद दिसतात. आकडा 15-20 च्या वर असेल तर विंडोजला दोष देऊ नका.

बायोसमध्येच आणखी दोन जागा बघण्यासारख्या आहेत. बूटच्या क्रमात नेटवर्क सगळ्यात वर असेल तर लॅपटॉप आधी केबलवरून कुणी विंडोज पाठवतंय का ते बघत बसतो. घरात त्याचा उपयोग नाही, बंद करा. सॅटाचा, म्हणजे डिस्क ज्या जोडणीने मदरबोर्डला लागते तिचा, प्रकार एएचसीआय असावा. तो आयडीई या जुन्या प्रकारावर असेल तर बदलण्याआधी थांबा, कारण तयारी न करता बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवतं.

जुन्या लॅपटॉपचा सॅटा 3 गिगाबिटचा आहे, 6 चा नाही, म्हणून एसएसडी हळू चालते, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. मोठा सिनेमा कॉपी करताना ते खरं आहे. सुरू होताना लागतात लहान तुकडे, आणि तिथे हा फरक जेमतेम जाणवतो. जोडणी सैल असेल तर मात्र गोष्ट वेगळी. माहिती पोचताना चुकते, पुन्हा पाठवावी लागते, आणि जोडणी सांभाळणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, वेग उतरवतो. क्रिस्टलडिस्कइन्फोमधला सीआरसी चुकांचा, म्हणजे माहिती पोचताना झालेल्या चुकांचा, आकडा दिवसागणिक वाढत असेल तर डिस्क नव्हे, केबल तपासा.

आणि मोजताना एक सावधगिरी. विंडोज 8 पासून शट डाउन केलं तरी विंडोज आपला गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं. त्यामुळे शट डाउननंतरचा आकडा आणि रीस्टार्टनंतरचा आकडा वेगळे येतात. तुलना करायची तर दोन्ही वेळा रीस्टार्टच करा.

भाचीच्या लॅपटॉपवर शेवटी चिन्ह 6 सेकंद, ठिपके 12. पासवर्डनंतरच्या 20 सेकंदांत आपोआप सुरू होणारे चॅट आणि अपडेटचे प्रोग्रॅम बंद केले, ते 9 वर आले. जुन्या डिस्कवरचे फोटो त्याच संध्याकाळी उतरवून घेतले, काही फायली वाचल्याच गेल्या नाहीत. ती डिस्क आता यूएसबीच्या डबीत आहे. परवा भाचीने ती लावूनच बटण दाबलं आणि चिन्ह पुन्हा रेंगाळलं. तिने फोन केला नाही, डबी उपसली, विंडोज आल्यावर परत लावली.