रांगत्या मुलाला ‘नको’ कळतं कधी? मर्यादा शिकवण्यामागची पार्श्वभूमी

जुन्या ठाण्यातल्या वाड्यांत आणि चाळींत रांगत्या मुलाची हद्द बरीचशी घरच आखून देत असे. वीतभर उंच उंबरठा, दाराला आडवी लावलेली फळी, आतल्या खोलीत चूल, आणि कुणा ना कुणाची नजर. आजी पूजेत असली तर काकू, काकू मोरीत असली तर शेजारची मावशी. शब्दाला काम थोडंच उरे, आणि ते बहुतेक वेळा बागुलबुवावर सोपवलं जाई.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झालं. पुढे वाशी, नेरूळ, ऐरोलीत वसाहती उभ्या राहिल्या, ठाण्यात वाडे पाडून इमारती आल्या, घोडबंदर रोडला टॉवर आले. वन बीएचकेत हॉल ते किचन सपाट टाइल. सिलिंडर ओट्याखाली, मिक्सरची वायर खाली लोंबलेली, आणि दिवसभर घरात एकच मोठं माणूस. उंबरठा आणि चार माणसं मिळून जे काम करत होती, ते सगळं त्या एका माणसाच्या आवाजावर आलं. ‘आमचं ऐकतच नाही’ ही तक्रार म्हणूनच निदान अर्धी तरी घराच्या रचनेची आहे.

शिस्तीचा विषय निघाला की ‘लालयेत् पञ्च वर्षाणि, दश वर्षाणि ताडयेत्’ हा श्लोक हमखास ऐकवला जातो, तोही बहुधा दोन वर्षांच्या पोराला फटका दिल्यावर. खरं तर त्या श्लोकानेही पहिली पाच वर्षं लाडासाठी मोकळी सोडली आहेत. पुढच्या दहा वर्षांबद्दल आज कुणी त्याचं ऐकू नये, हा भाग वेगळा.

पाश्चात्त्य सल्ल्याचा लंबक जोरात हलत आला. न्यूझीलंडमध्ये डॉक्टर ट्रुबी किंग यांनी १९०७ पासून घड्याळाबरहुकूम, चार-चार तासांनी दूध पाजण्याचा प्रचार केला. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ मध्ये मुलांचे मुके घेऊ नका, फार तर सकाळी हस्तांदोलन करा, इथपर्यंत मजल मारली. १९४६ मध्ये तिथलेच बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांनी आईबापांना स्वतःच्या अंदाजावर विश्वास ठेवायला सांगितलं. १९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी कडक, सैल आणि ‘माया ठेवून ठाम’ असे पालकांचे तीन प्रकार मांडले. आजच्या बहुतेक सल्ल्यांचं मूळ तिथे आहे, पण त्यांचा अभ्यास बालवाडीच्या वयाच्या मुलांचा होता. तो वर्षाच्या बाळाला लावला की घोटाळा होतो.

आपल्याकडचा धागा जवळचा आणि जास्त उपयोगी आहे. शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. तिथे मार आणि धाक दोन्ही बाद होते. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढलं आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बोर्डी आणि कोसबाड आज पालघर जिल्ह्यात मोडतात. २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्हाच होता. महागडी माँटेसरी साधनं परवडण्यासारखी नव्हती, म्हणून बिया, शंख-शिंपले, पानं, माती अशा भोवतालच्या वस्तूंतून साधनं बनवली गेली. वारली पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. या पद्धतीत मर्यादा वस्तूंच्या मांडणीतून येते: हाताला येईल तिथे चालेल तेवढंच ठेवायचं, हातात काम द्यायचं आणि काम संपलं की वस्तू जागेवर ठेवून दाखवायची. तीन वर्षांखालच्या मुलासाठी यापेक्षा नेमकी पद्धत अजून तरी कुणी सांगितलेली नाही.

त्याची कारणं पुढे प्रयोगांतून दिसली. बारा महिन्यांचं मूल अनोळखी धोक्यापुढे आलं की आईचा चेहरा वाचतं. १९८५ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात काचेच्या टेबलाखाली सुमारे ३० सेंटिमीटरचा खोलगट भाग दिसेल अशी रचना होती. समोर आईने हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. घाबरा चेहरा ठेवला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. म्हणजे वर्षाच्या बाळाला शब्दाआधी चेहरा थांबवतो. हसत हसत ‘नको रे लबाडा’ म्हटलं की बाळ हसणं ऐकतं, नको ऐकत नाही.

दुसरी गोष्ट आठवणीची. एका डब्याखाली खेळणं सापडलं की पुढच्या वेळी ते डोळ्यांदेखत दुसऱ्या डब्याखाली लपवलं तरी आठ-दहा महिन्यांचं बाळ पहिल्याच डब्याकडे हात नेतं. ओळखीची हालचाल आवरणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम, आणि तो भाग पिकायला वर्षं लागतात. अमेरिकेत आयोवातल्या मानसशास्त्रज्ञ ग्राझिना कोचान्स्का यांनी १४ ते ४५ महिन्यांपर्यंत त्याच मुलांचा मागोवा घेतला, तेव्हा ‘हात लावू नको’ हे ‘खेळणी आवरत राहा’ यापेक्षा मुलांना बरंच सोपं जातं असं दिसलं. आवराआवरीवरून दोन वर्षांच्या मुलाशी भांडणं म्हणूनच वाया जातं. शेजारी बसून चार ठोकळे आपण टाकायचे, एक त्याच्या हातून.

आता गॅसच्या बटणाचं घेऊ. अकरा महिन्यांचं मूल ओट्याखालची ट्रॉली धरून उभं राहतं आणि बटणाकडे हात करतं. हॉलमधून ओरडू नये. लांबून आलेला आवाज म्हणजे त्याच्यासाठी आपल्याकडे वळून बघण्याचं कारण, आणि बऱ्याचदा हसण्याचंही. जवळ जावं, त्याच्या उंचीला बसावं, हात हलकेच धरावा आणि गंभीर चेहऱ्याने दोनच शब्द म्हणावेत: ‘नको. गॅस.’ मग उचलून तीन-चार पावलं लांब बसवावं आणि वाटी-चमचा द्यावा. ते परत जाईल, आपणही तेच परत करावं, त्याच शब्दांत. हे आठवडेच्या आठवडे चालतं. तोवर रेग्युलेटर बंद, बटणांना झाकणं, किचनच्या दाराला फाटक आणि बाथरूममधली बादली रिकामी. थोड्याशा पाण्यातही रांगतं मूल बुडू शकतं. एवढा बंदोबस्त केला तर दिवसभरातले ‘नको’ चार-पाचच उरतात, आणि तेवढेच मुलाला पेलतात.

बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. आई अडवते आणि आजोबा ‘राहू दे गं, लहान आहे’ म्हणून रिमोट देतात. कधी मिळणारं आणि कधी न मिळणारं बक्षीस वागणुकीला सगळ्यांत चिवट करतं, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकातच दिसलं होतं. घरात सगळ्यांनी अडवायला सुरुवात केली की पहिले काही दिवस रडणं उलट वाढतं. नेमक्या त्या दिवसांत माघार घेतली तर त्याहून मोठ्याने रडण्याचा धडा मिळतो. दुसरं म्हणजे मोबाईल. गॅसपासून उचलून आणून हातात मोबाईल दिला की मूल शिकतं ते एवढंच: मोबाईल हवा तर गॅसकडे जावं. बागुलबुवा आणि ‘पोलीसकाका नेतील’ यांचं काय होतं ते आजी-आजोबांना शांतपणे सांगावं लागतं. मूल बटणाला नाही, पोलिसाला भितं. पोलीस दिसत नसला की बटण मोकळं.

दीड वर्षानंतर सोसायटीच्या बागेतून घरी निघायच्या वेळी जमिनीवर लोळण ठरलेली. घसरगुंडीवर ‘अजून दोनदा, मग लिफ्टचं बटण तू दाबायचं’ असं आधी सांगावं, आणि तिसऱ्यांदा नाहीच. टाइम-आउट १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या वर्तनवादी मानसशास्त्रज्ञांकडून आलं. आवडीचं जे चालू आहे ते थोडा वेळ थांबवणं एवढीच मूळ कल्पना. बाथरूममध्ये कोंडणं त्यात कुठेच नाही. दोन वर्षांखाली तर त्याचा उपयोग नाही, कारण आपण का थांबलो हे तोवर मूल विसरलेलं असतं.

सरकारी चौकटीत या वयाला फारशी जागा नाही. १९७५ मध्ये सुरू झालेल्या अंगणवाडीचं पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांसाठी. शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये आलेली बंदी सहा ते चौदासाठी. २०१७ च्या दुरुस्तीनंतर संघटित क्षेत्रातल्या आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते. ती संपते तेव्हा बाळ जेमतेम सहा महिन्यांचं होतं. म्हणजे रांगणं आणि पहिलं ‘नको’ नेमकं आजीकडे किंवा तळमजल्यावरच्या पाळणाघरात सुरू होतं. पाळणाघर बघायला जाताना जेवण आणि झोपेइतकंच हेही विचारावं: मूल दुसऱ्याला चावलं तर ताई काय करतात, कोणता शब्द वापरतात, दाराला फाटक आहे का, किती मुलांमागे एक माणूस आहे. घरातले चार-पाच ‘नको’ कागदावर लिहून त्यांना द्यावेत, आणि त्यांचे आपण घ्यावेत. धोक्याच्या वस्तूला घरी ‘हाय आहे’ आणि तिथे ‘बाऊ’ असं म्हणत असतील तर कोणता तरी एकच शब्द ठरवून आजीलाही कळवावा.