हरवलेल्या ओळी

ऑक्टोबर २०२० च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये एक गोष्ट उघड झाली. आठवडाभरात कोरोनाचे १५,८४१ रुग्ण मोजणीतून गळाले होते. कुणी ते लपवले नव्हते. प्रयोगशाळांनी अहवाल पाठवले होते, रुग्णांनाही निकाल कळला होता. गळती मध्येच झाली होती. 'पब्लिक हेल्थ इंग्लंड' या सरकारी यंत्रणेत हे अहवाल एक्सेलच्या जुन्या, एक्सएलएस प्रकारच्या फाइलीत भरले जात. तिच्यात ६५,५३६ ओळी मावतात, म्हणजे २ चा सोळावा घात. त्यापुढच्या ओळी फाइलीत आल्याच नाहीत. एकेका चाचणीला अनेक ओळी लागत, त्यामुळे एका फाइलीत साधारण चौदाशेच रुग्ण बसत.

रुग्णाला निकाल कळला होता, मग बिघडले काय? त्याच्याबरोबर जेवलेल्या, काम केलेल्या, एका गाडीने आलेल्या माणसांना कुणी वेळेत फोन केला नाही, कारण ते फोन याच नोंदींवरून व्हायचे. ती माणसे पुढचे काही दिवस नेहमीसारखी वावरत राहिली.

अर्थशास्त्रज्ञ थीमो फेट्झर आणि थॉमस ग्रेबर यांनी या चुकीचाच अभ्यास केला. कुठल्या भागातले किती रुग्ण गळाले, हे त्या भागातल्या साथीवर ठरले नव्हते. तो फाइलीचा योगायोग होता. जाणूनबुजून असा प्रयोग कुणी करू धजणार नाही, पण तो घडून गेला होता. जास्त रुग्ण गळालेल्या आणि कमी गळालेल्या भागांची तुलना करून त्यांनी अंदाज बांधला: या एका चुकीपायी किमान सव्वा लाख जादा लोकांना लागण झाली आणि सुमारे दीड हजार जादा मृत्यू झाले. साथ आटोक्यात ठेवायला माहिती किती उपयोगी पडते, याचे इतके स्वच्छ मोजमाप क्वचितच हाती लागते. ते अशा रीतीने हाती लागावे, याचे मला फार वाईट वाटते.

'बिग डेटा', म्हणजे माहितीचे अवाढव्य साठे, म्हटले की आपल्याला प्रचंड संगणक दिसतात. महासाथीत मात्र खरे काम असते वेगवेगळ्या ठिकाणी पडलेल्या नोंदी एकाच माणसाच्या नावावर जुळवण्याचे, आणि तेही साथीच्या आधी पोहोचून. तैवानने हे २७ जानेवारी २०२० ला करून दाखवले. तिथे जवळपास प्रत्येकाकडे राष्ट्रीय आरोग्य विम्याचे कार्ड असते. विम्याच्या नोंदी आणि विमानतळावरच्या प्रवासाच्या नोंदी त्यांनी एका दिवसात जोडल्या. दवाखान्यात कार्ड लावले की रुग्ण गेल्या चौदा दिवसांत कुठून आला, हे डॉक्टरच्या पडद्यावर दिसू लागले. साधा ताप आणि संशयित ताप यांतला फरक तिथल्या तिथे कळू लागला. ही तत्परता एका दिवसात आलेली नव्हती. २००३ च्या सार्स साथीत तैवान चांगलाच पोळला होता.

पण नोंद होण्याचीच भीती वाटली तर? मे २०२० मध्ये दक्षिण कोरियाची राजधानी सोलच्या इतेवॉन भागातल्या नाइटक्लबांमधून संसर्ग पसरला. क्लबांच्या नोंदवहीतल्या कित्येकांचा पत्ताच लागेना. तेव्हा मोबाइल टॉवरच्या नोंदींवरून त्या परिसरात येऊन गेलेल्या १०,९०५ जणांची यादी काढली गेली. तंत्रज्ञान चोख चालले. मात्र त्यांतले काही क्लब समलिंगी लोकांचे होते. चाचणीला गेलो तर घरी, नोकरीच्या ठिकाणी बोभाटा होईल, या धास्तीने अनेक जण पुढे यायला कचरत होते. शेवटी सोल शहराने नाव न विचारता चाचणी सुरू केली. जूनमध्ये क्लबांसारख्या ठिकाणी क्यूआर कोडची नोंद सक्तीची झाली, तीही चार आठवड्यांनी पुसून टाकायच्या अटीवर. माहिती कधी पुसली जाणार हे आधी सांगणे, हा मला साथ आवरण्याच्याच कामाचा भाग वाटतो. विश्वास नसला तर माणूस यादीत येतच नाही.

मुंबईतही नोंदी जुळवण्याची धडपड झाली. जून २०२० मध्ये महापालिकेने २४ वॉर्डांत वॉर रूम, म्हणजे साथीचे नियंत्रण कक्ष, उभारल्या. प्रयोगशाळांचे अहवाल आधी महापालिकेकडे, तिथून वॉर्डात, आणि वॉर्डातून रुग्णाला फोन, अशी ती साखळी होती. खाट कुणाला हवी आणि कुणी घरीच राहिले तरी चालेल, हे त्या फोनवर ठरायचे. अहवाल रुग्णाच्या हाती थेट न देण्याला आक्षेप आला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो रुग्णाला, नातेवाइकांना द्यायला सांगितले, ते योग्यच झाले. पण वॉर्डाला अहवाल लगेच मिळणेही तितकेच गरजेचे होते.

आता त्या माणसांकडे बघू, ज्यांची ओळ मुळात कुणी लिहिलीच नव्हती. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या भागांतल्या तीन वॉर्डांत ६,९३६ जणांचे रक्त तपासले. रक्तात प्रतिपिंडे सापडली, तर विषाणू येऊन गेला असे समजायचे. तोवर अख्ख्या मुंबईत नोंदलेले रुग्ण लाखाच्या थोडे वर होते. सव्वा कोटींच्या शहरात हे प्रमाण एक टक्क्याच्या आत भरते. सर्वेक्षणात मात्र झोपडपट्ट्यांत ५७ टक्के आणि बाहेरच्या वस्तीत १६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे निघाली. बहुतेकांना लक्षणे नव्हती. ती माणसे चाचणीला गेली नव्हती, त्यामुळे कुठल्याच संगणकात नव्हती. दाट वस्ती, सामायिक शौचालये यांमुळे विषाणू घराघरांत फिरून गेला होता. हे कळायला कोट्यवधी नोंदी लागल्या नाहीत. नीट निवडलेली सात हजारांच्या आतली माणसे पुरली, आणि त्यांच्या दारापर्यंत चालत जाणारे आरोग्य कर्मचारी.